माशांना रागावणाऱ्या प्रमिलाताई

आमच्या शेजारच्या प्रमिला मेश्राम मासा पकडतात, त्याला तोंडावर रागावतात आणि परत पाण्यात सोडून देतात. खात नाहीत, विकत नाहीत, हातात धरून फोटोही काढत नाहीत. फक्त रागावतात. खारून नदीच्या काठावर मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हातभर मरळ दोन्ही हातांत घट्ट धरलेली, तिच्या जबड्यात रबराचा हिरवा बेडूक अडकलेला, आणि प्रमिलाताई तिच्या डोळ्याला डोळा लावून बोलताहेत.

"डोळे कशाले दिले तुले? चमकलं का धावली! जरा थांबून पाहावं ना, जिवंत आहे का रबराचं आहे. अक्कल नाही, तोंड मात्र एवढं मोठं. जाय आता. पुन्हा दिसली तर पाह्य."

मरळ गेली. मी काठावर डबा घेऊन बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, ताई, फसवायचं पण तुम्हीच आणि रागवायचं पण तुम्हीच, हा कुठला न्याय? त्या पक्कड घेऊन दुसऱ्या गळाचा काटा चेपत होत्या. गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो ना, तो त्या प्रत्येक गळावर चेपून टाकतात, म्हणजे सोडवताना माशाला कमी लागतं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी नाही फसवलं तर दुसरा कोणी फसवन. तो सोडन का?"

प्रमिलाताईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आणि मी ते गेली कित्येक वर्षं करते आहे, कारण रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला) आमची आणि त्यांची गच्ची एकाला एक लागून आहे, मधे फक्त कमरेइतकी भिंत. माझा स्वभाव मुळात शांत आहे. हे मी आमच्या ह्यांना दर आठवड्याला ओरडून सांगते. नोकरी नव्या रायपूरला मंत्रालयात, बस वेळेवर येत नाही, आली तर थांबत नाही, आणि संध्याकाळी थकून घरी यावं तर गच्चीवर प्रमिलाताई गळ फेकायचा सराव करताहेत. लांब काठी, रीळ, आणि दोरीच्या टोकाला नकली मासा. अंतरावर बादली ठेवायची आणि त्यात नेम धरायचा. बादलीत तो क्वचितच पडतो. आमच्या ह्यांचं बनियन त्यांनी दोरीवरून दोनदा नेलं. एकदा तो रबरी बेडूक माझ्या वाळत घातलेल्या मुगवड्यांच्या मधोमध येऊन बसला आणि सासूबाईंनी अशी किंकाळी फोडली की खालच्या गल्लीतला चाटवाला वर धावत आला. मी भांडायला भिंतीपाशी गेले. तर या बाई मलाच म्हणतात, "अव मंगल, वड्या कोणी भर मधात घालते का? काठाले घालाव्या."

हा चढा आवाज त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कमावला. नवरा रेल्वेत होता, तो अकाली गेला आणि त्याच्या जागी या लागल्या. कडेवर मूल. पार्सलची खोकी, हमाल, आंब्याच्या पेट्या फोडणारे, नोंदीत खोटं सांगणारे व्यापारी, या सगळ्यांवर त्या ओरडत राहिल्या, आणि निवृत्त झाल्यावर ओरडायला कोणी उरलं नाही म्हणून त्या साऱ्या शहरावर ओरडू लागल्या. तळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या फेकणाऱ्यांवर. दुधात पाणी घालणाऱ्यावर. टीव्हीवरच्या जाहिरातींवर तर फार. जाहिरात लागली की त्या पडद्यासमोर उभ्या राहून म्हणतात, "दिसते तसं नसते." पुढचं 'म्हणून जग फसते' त्या कधीच म्हणत नाहीत. ते वाक्य त्यांच्या घरात का अर्धं राहतं, हे पाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

त्यांची होडीही त्यांच्यासारखीच अजब. हवा भरायची कयाक, पायपंपाने फुगवायची, दोघांपुरती. त्या तिला डोंगी म्हणतात. स्कूटरवर पुढे पायाशी डोंगीची पिशवी, पाठीला काठी, आणि डोक्यावर हेल्मेटवरून बांधलेला स्कार्फ. एका रविवारी त्या मला नव्या रायपूरच्या तलावावर घेऊन गेल्या. आमच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर, हे विशेष. पंपाने निम्मी फुगवली नाही तोच पहारेकरी शिट्टी फुंकत आला. इथे मनाई आहे म्हणाला. तो गणवेशातला माणूस आपलं काम करत होता. पण प्रमिलाताई पंप मारता मारता म्हणाल्या, फूंक भैया, अजून फूंक, तेवढी हवा इकडे दिली असती तर माझे पाय वाचले असते. तो हसला. मग चिडला. मग मला विचारलं, मॅडम आप तो मंत्रालय में हैं ना? मी ओढणीत तोंड लपवून स्कूटरमागे उभी राहिले. सोमवारी ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं की मी तलावावर मासे चोरताना पकडली गेले. तो राग माझा अजून गेलेला नाही.

पण खरा राग वेगळाच होता. तो अमोलवरून होता.

अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा. लहानपणापासून आईच्या वरताण. मायलेक कशावरूनही भांडत. वरणात मीठ, पंख्याचा वेग, नाणेफेक जिंकली तर आधी फलंदाजी घ्यावी की नाही. एकदा तर मेलेल्या पालीवरून भांडले, ती आधी कोणी पाहिली म्हणून. अख्खा पारा ऐकायचा. एखाद्या संध्याकाळी आवाज आला नाही तर सासूबाई विचारायच्या, मेश्रामांकडे कोणी आजारी आहे का?

मग अमोलला जहाजावरची नोकरी लागली. म्हणजे लागली असं त्याला सांगण्यात आलं. गुळगुळीत कागदाची पत्रकं, पांढऱ्या गणवेशातले फोटो, गोड बोलणारा एक एजंट. रायपूरच्या पोरानं समुद्र कधी पाहिलेला नाही, त्याला जहाज दाखवलं की तो काय बघणार? पांढऱ्या गणवेशातला स्वतःचा फोटो त्यानं घरोघर दाखवला, आम्ही पेढे खाल्ले. तो बंदरावर पोहोचला तर जहाज नव्हतं, कंपनी नव्हती, पत्त्यावर एक बंद गाळा होता. त्याच्यासारखीच फसलेली आणखी पोरं एका खोलीत कोंबलेली, पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात. बऱ्याच महिन्यांनी तो घरी परत आला तो अर्धा होऊन आला. अंगानं नव्हे, आवाजानं. गच्चीवर बसून राहायचा. आणि आपला पारा! जो येई तो विचारी, "काय कप्तान, समुद्र कसा होता?" मला त्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारावीशी वाटे. अमोल मात्र म्हणे, "हव." एवढंच. आमच्याकडे छत्तीसगढी 'हव' म्हणजे होय. अमोलच्या तोंडात त्याचा अर्थ झाला होता, मला सोडा.

शेवटी तो निघून गेला. त्या खोलीत त्याला एक कोकणातला पोरगा भेटला होता, तोही तसाच फसलेला. त्याच्या घरचा खाडीकाठी धंदा आहे, पर्यटकांना कयाक आणि गळ भाड्यानं द्यायचा, नकली मासा लावून मासे कसे गरवायचे ते शिकवायचं. अमोल तिथं राहिला. सणाला नाही, सुटीला नाही. आला नाही तो नाहीच.

आणि या बाई रोज संध्याकाळी गच्चीवर उभ्या राहून, फोन स्पीकरवर टाकून त्याला झापायच्या. चांगलं झापायच्या. जेवला का, काय जेवला, तेल कोणतं, केस काहून कापले नाहीत, आवाज असा काहून येऊन राहिला. या नव्या मासेमारीचं वेडही त्यांना तेव्हाच लागलं होतं. त्यावरूनही त्याला अक्कल शिकवायच्या, आणि तीही चुकीची. नकली मासा पाण्यात टाकला की हलवायचा नाही, गप ठेवायचा म्हणे! सकाळीच मी त्यांना झटके देऊन देऊन तो नाचवताना पाहिलं होतं. पलीकडून एकच उत्तर यायचं, "हव मम्मी." मी भिंतीच्या या बाजूला कपडे काढता काढता दात खात असे. फसून आलेल्या पोराला माया द्यायची सोडून असं कोण बोलतं? असल्या आईपासून कोणीही समुद्रापर्यंत पळेल. हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, मंगल, तू यात पडू नको. म्हणून मी पडले.

निमित्तही तसंच झालं. एका संध्याकाळी अमोल फोनवर नेहमीपेक्षा एक वाक्य जास्त बोलला. म्हणाला, मम्मी, मेरी आलमारी का सामान किसी को दे दो, बैट भी दे दो, मेरे काम का नहीं अब. अगदी नम्रपणे. प्रमिलाताई काहीतरी ओरडतील म्हणून मी थांबले. त्या ओरडल्या नाहीत. फोन बंद झाल्यावर त्यांनी दोरी गुंडाळली आणि बादली उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून म्हणाल्या, "मी जाऊन राहिली अमोलकडं. तू पण चल. एकटीनं मले एवढा वेळ गप बसता येत नाही." मी रजा टाकली. मनात ठरवलं होतं, ही बाई पोराला रागावायला तोंड उघडेल तेव्हा त्यावर हात ठेवायचा. तो परत यायला हवा होता, आणि ही त्याला हाकलून देणार याबद्दल मला शंका नव्हती.

गाड्या बदलत आम्ही पोहोचलो. काठ्या प्लास्टिकच्या पाइपात भरून नेल्या होत्या. तो पाइप काय आहे, या प्रश्नावरून त्या दोन तिकीट तपासनिसांशी भांडल्या. अमोल स्टेशनवर आला होता. उन्हानं काळा पडलेला, गालफडं बसलेली. आईच्या पाया पडला, माझ्या पडला. ताईंनी लगेच सुरुवात केली, शर्टाची गुंडी तुटली आहे, दिसत नाही का? "हव मम्मी." दुपारी जेवणात माशाची आमटी होती. ताई म्हणाल्या, सगळ्यात नारळ, तिखट कुठं आहे? तो म्हणाला, हव मम्मी, कल से बोल दूँगा. मी टेबलाखालून ताईंना पाय मारला. त्यांनी मला उलट मारला.

जेवण झाल्यावर त्याला पर्यटकांना घेऊन मोठ्या बोटीनं खाडीच्या तोंडाशी जायचं होतं. जाताना म्हणाला, आप लोग आराम करो, शाम को मैं ले जाऊँगा. आणि गेला. भर दुपार, माडाखाली कुत्रीसुद्धा झोपलेली. किनाऱ्यावर रंगीत कयाकी ओळीनं पालथ्या. प्रमिलाताईंनी एक उलटी केली आणि म्हणाल्या, चल. मी म्हटलं, तो संध्याकाळी नेणार आहे ना? त्या म्हणाल्या, मी काय पाणी पाह्यलं नाही का?

पाणी होतं तसंच. समुद्र कुठे तरी लांब, वळणापलीकडे. इथे लाट नाही, वारा नाही, दोन्ही बाजूंना खारफुटीची झाडं आणि मधे हिरवट शांत पाणी. आमच्या तळ्यासारखं. आम्ही दोघी रायपूरच्या, आमच्याकडे पावलोपावली तळी. पाणी म्हणजे काय ते आम्हाला कळतं, अशी आमची समजूत. तरंगायची केशरी जॅकेटं आम्ही घातली होती, पण थोडं वल्हवल्यावर ताईंना उकडायला लागलं. त्यांनी जॅकेट काढलं आणि घडी घालून बुडाखाली घेतलं, बसायला कडक लागून राहिलं म्हणून. पोहता दोघींनाही येत नाही. मी माझं जॅकेट गळ्यापर्यंत आवळून घेतलं आणि त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हे मात्र कबूल करायला हवं की त्या सुंदर गरवतात. गच्चीवर बादली न सापडणारी ती बाई पाण्यावर वेगळीच होते. मनगटाचा एक झटका, दोरी सुळकन सुटते, आणि चंदेरी नकली मासा झाडाच्या मुळांना लागून पडतो. मग दोन झटके, थांबा, एक झटका. दुसऱ्याच फेकीला काठी वाकली. कयाक एका बाजूला ओढली गेली, मी किंचाळले, त्या हसत होत्या. लालसर तांबूस मासा वर आला. तांबोशी म्हणतात म्हणे तिला, मुळांमधे दबा धरून बसते. ताईंनी तिला हातात घेतलं आणि रायपूरहून आणलेलं भाषण ऐकवलं. अक्कल, डोळे, तोंड, सगळं. कोकणातल्या माशाला ती बोली कळली असेल असं वाटत नाही. तो गुमान ऐकत होता, हे खरं.

एक झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी मासा झाडीतल्या एका अरुंद फाट्यात उसळला आणि ताईंनी कयाक तिकडे वळवली. आत सावली होती, थंड होतं. त्यांनी दोरीनं कयाक एका फांदीला बांधली, आपण तळ्यावर बांधतो तशी, आखूड आणि घट्ट. आणि गरवत बसल्या. काही वेळानं मला ती फांदी उगाच उंच वाटायला लागली. मघाशी माझ्या खांद्याशी होती, आता डोक्यावर होती. मी म्हटलं, ताई, पाणी कमी होतंय का? त्या म्हणाल्या, "पाणी कुठं जाते अव? त्याले काय पाय आहेत?"

पाय होते. आमच्या रायपूरला तळ्यातलं पाणी खाली जायला चैत्र आणि वैशाख दोन्ही लागतात. इथं ते आमच्या देखत, बोलता बोलता निघून गेलं. आधी कयाकचं नाक दोरीला लटकलं. दोरी सोडली तशी ती धप्पकन चिखलात बसली आणि कलंडून राहिली. भोवती जिथं पाणी होतं तिथं काळा, चमकणारा, वास मारणारा चिखल. त्यावरून बोटाएवढे मासे चक्क चालत होते, डोळे वर काढून. ताईंना हे अजिबात पटलं नाही. मी वल्हं चिखलात रोवून पाहिलं, ते निम्म्याहून जास्त आत गेलं आणि निघेना.

मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रजा, प्रवास, जॅकेट, तलावावरचा पहारेकरी, मुगवड्या, सगळं बाहेर आलं. शेवटी म्हटलं, फोन करा अमोलला. त्या म्हणाल्या, नको. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. चिखलात रुतून बसलोय, पुन्हा पाणी आलं तर काय होणार माहीत नाही, पोरगा इथला जाणकार, आणि ही बाई नको म्हणते! मी म्हटलं, मान जातो का तुमचा त्याला हाक मारली तर? तुमच्या या जिभेमुळे तो घर सोडून गेला. रोज रोज झापता. माणूस आहे तो, पार्सलचा हमाल नाही. त्याला दूर तुम्ही केलंत, दुसऱ्या कोणी नाही.

प्रमिलाताईंनी काठी आडवी ठेवली. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्या अगदी हळू बोलल्या. इतकं हळू त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तो भांडत नाही ना, मंगल. मी काहीही बोलली तरी हव म्हणते. मुद्दाम उलटी गोष्ट सांगतली, खोटं सांगतलं, त्याच्या बापाले नाव ठेवलं. हव मम्मी. माह्या पोट्ट्याले राग यायचा अव, कसा राग यायचा त्याले. त्या लोकायनं तो राग नेला त्याचा. पैसे नेले, मी नाही रडली. आता फोन करशीन तर तो येईन, अन् म्हणन, कोई बात नहीं मम्मी. ते मले नाही ऐकायचं."

संतापले होते ती तशीच होते, पण आता कोणावर ते कळेना. त्या एजंटावर असेल. इतकी वर्षं भिंतीपलीकडे उभं राहून जे ऐकलं त्यातलं काहीच मला ऐकू आलं नव्हतं, म्हणून स्वतःवरही असेल. मग मी त्यांच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली, फोन काढला आणि अमोलला कळवलं, कुठे आहोत ते. तो एवढंच म्हणाला, "हव आंटी. हिलना मत."

तो आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बोट आत येणं शक्यच नव्हतं. झाडीच्या कडेनं, दोन लांब फळ्या घेऊन तो चिखलावरून येत होता. एक फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मागची उचलून पुढे टाकायची. गुडघ्यापर्यंत काळा झालेला. जवळ आल्यावर आधी माझ्याशी बोलला, घबराइए मत आंटी, अभी भरती लगेगी, उसके पहले निकल जाएँगे. मग आईला, मम्मी, ठीक हो? ताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीचा आवाज काढला. एवढा वेळ काहून लागला तुले? लंगडा झाला का?

"हव मम्मी," तो म्हणाला. "हाथ दो."

ताईंनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहवेना. त्यांनी हात दिला आणि त्या उठल्या, आणि त्यांच्या बुडाखालचं ते केशरी जॅकेट, घडी घातलेलं, बसून बसून चपटं झालेलं, उघडं पडलं.

अमोलनं ते पाहिलं. मग माझ्या अंगावरचं पाहिलं. पुन्हा ते पाहिलं. आईचा हात त्यानं सोडला नव्हता.

"ये क्या है?" तो म्हणाला. आणि मग त्याचा आवाज फुटला. "हे बसाले देलं होतं काय तुले? बसाले? पोहता येते तुले? बोल ना, येते? नाही येत ना! मग कोणाले विचारून उतरली पाण्यात? तळं आहे काय हे? तुह्या बापाचं तळं आहे? साऱ्या दुनियेले अक्कल शिकवते अन् स्वतः... इथं लोक मरते मम्मी, दर साल मरते, मी काढले आहेत हातानं. तुले काही झालं असतं तर मी रायपूरले कोणाकडं आलो असतो? सांग ना! कोण आहे तिथं माह्यं?"

झाडीतले बगळे उडाले. तो थांबेचना. मानेच्या शिरा ताठ, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. तू अशीच आहेस, म्हणाला, आधीपासून अशीच, कोणाचं ऐकायचं नाही, माझं ऐकलं नाही, नकली मासा गप ठेवतात म्हणे, अरे कोण गप ठेवतं, मूर्ख आहे काय मी? मला ते सहन होईना. साठी उलटलेली बाई, चिखलात उभी, आणि पोटचा पोरगा असा तुटून पडलेला. मी म्हटलं, "अमोल, अरे आई आहे ती तुझी, जरा..."

प्रमिलाताईंनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड किती जोरात आहे हे मला तेव्हा कळलं.

"तू मधात बोलू नको," त्या म्हणाल्या. "बोलू दे त्याले."

त्या त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. एक शब्द सुटू नये म्हणून पाहावं तशा. तो बोलत होता, दम लागला की थांबत होता, पुन्हा बोलत होता. आणि बोलता बोलताच त्यानं ते जॅकेट त्यांच्या अंगात घातलं, प्रत्येक पट्टा ओढून आवळला, लहान मुलाला बांधावं तसा. मग त्यांना फळीवर घेतलं. ताईंनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला त्यांना कंठ फुटला. म्हणाल्या, अन् तू रे, एवढ्या उन्हात टोपी काहून नाही घातली? तो म्हणाला, टोपीचा काय संबंध आहे इथं? त्या म्हणाल्या, संबंध कसा नाही? तो म्हणाला, तूच तर माझी टोपी कोणाला तरी देऊन टाकली असशील. त्या म्हणाल्या, काही नाही दिली, बॅटपण नाही दिली, यायचं अन् स्वतः न्यायचं, मी काय तुह्या सामानाची हमाल आहे का?

असे ते दोघं फळ्या टाकत, उचलत, एकमेकांच्या अंगावर ओरडत झाडीच्या कडेनं लांब गेले. मी मागेच होते. कलंडलेल्या कयाकीत, दोन्ही काठ्या मांडीवर घेऊन, पाय चिखलात. मला न्यायचं आहे हे दोघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. फाट्याच्या तोंडाशी पाण्याची एक बारीक रेघ आत येताना दिसत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्यांचं भांडण ऐकू येत होतं तोवर तसंच बंद करून बसून राहिले.